मदत हवी आहे: स्लायडिंग खिडकीला कुठला स्टॉपर?

दोन काचांची ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आहे, कट्टा जमिनीपासून जेमतेम ६० सेंमी, घरात दीड वर्षाचं मूल. काच १० सेंमीच्या वर सरकू नये. त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल निसटू शकतं. हाताने पिळून बसवायचे स्टॉपर धक्क्यांनी सैल पडतात, म्हणून ते नकोत. खालच्या ट्रॅकला भोक पाडून स्क्रूने बसवला तर पावसाचं पाणी आत झिरपेल का? की वरच्या ट्रॅकमध्ये बसवावा? मग काच उचलून निघणार नाही ना?

आग लागली तर मोठ्या माणसाला अवजाराशिवाय झटकन काढता यायला हवा. किल्लीवाला नको, किल्ली ऐनवेळी कधीच सापडत नाही. जाळी आहे, पण ती डास अडवते, मूल नाही. पलंग खिडकीपासून हलवलाय.