पीसी सुरू होत नाही? कॉम्प्युटरवाल्याआधी कॅबिनेट स्वतः उघडा

चिपळूणचा_आगाऊ:
आठ वर्षांचा डेस्कटॉप. जुलैच्या धो-धो पावसात सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. बोलावलेल्या माणसाने कॅबिनेटला हातही न लावता "मदरबोर्ड गेला, ६,५०० रुपये" असं ऐकवलं आणि व्हिजिटचे ३०० घेऊन गेला. मग मी प्लग काढून रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या आणि रॅमशिवायच चालू करून बघितलं. बोर्ड लांब बीप देत ओरडायला लागला. रॅम नाही हे ज्याला कळतं तो बोर्ड मेलेला कसा? पुन्हा प्लग काढला, पट्ट्यांचे सोनेरी दात लेकीच्या खोडरबराने पुसले, खटक्या टक्क वाजेपर्यंत दाबल्या. विंडोज आलं! माझं मत: हे एवढं प्रत्येकाने करावंच.

स्क्रूड्रायव्हर_नं_२:
"प्रत्येकाने" मागे घ्या. माझं दुकान आहे, १४ वर्षं हेच करतोय. हल्लीच्या कित्येक कॅबिनेटमध्ये बीपचा स्पीकरच नसतो, तिथे काय ऐकणार? गेल्या महिन्यात एकजण व्हिडिओ बघून प्रोसेसर काढून बसला. परत बसवताना सॉकेटच्या पिना वाकल्या, केसाएवढ्या बारीक असतात त्या. साफसफाई करायला निघालेला माणूस बोर्डाचं बिल भरून गेला. खोडरबराचंही तसंच. सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, दर पावसाळ्यात घासलात तर उरणार काय? आयसोप्रोपिल अल्कोहोल नि सुती फडकं घ्या. आणि हो, न उघडता बोर्ड गेला म्हणणारा आमच्या धंद्याला बट्टा आहे, ते मान्य.

मुका_माऊस:
मी दुकानदारांच्या बाजूने. "बोर्डवरचा सेल काढून पाच मिनिटं ठेव" हा सल्ला ऐकून मी बटणाएवढा सीआर२०३२ काढला. बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅमची) सेटिंग्ज मूळपदावर गेली आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरने ४८ आकडी की मागितली. ती की कुठे लिहून ठेवलीय? त्याच पीसीत!

चिपळूणचा_आगाऊ:
सेल किंवा प्रोसेसर काढा असं मी कुठे म्हटलंय? रॅम, केबल आणि मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला तर नाही ना लावलेली, एवढंच बघा. यात कसली कारागिरी?

पिवळी_वायर:
एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा घरी तपासता येतो की. बोर्डापासून सोडवायचा, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी नि काळी वायर पेपरक्लिपने जोडायची. पंखा फिरला की ठणठणीत.

स्क्रूड्रायव्हर_नं_२:
ठणठणीत नाही हो! त्याने फक्त चालू होतो एवढं कळतं. लोड आल्यावर १२ व्होल्टची लाइन खाली घसरते का, ते मल्टीमीटर सांगतो. आणि हा धागा वाचून कुणी एसएमपीएसचा डबा खोलू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्ट राहू शकतात. आगाऊसाहेब, तुमचा पीसी आठ वर्षांचा ना? आठवडाभर चालू दे, मग कॉलर ताठ करा.

चिपळूणचा_आगाऊ:
पाचव्या दिवशी परत काळी स्क्रीन. रॅम पुसून झाली, आज फरक नाही. मीटर आहे घरी, कुठे लावू?

स्क्रूड्रायव्हर_नं_२:
चार पिनांचा जुना मोलेक्स कनेक्टर लोंबकळत असेल. पीसी चालू ठेवून काळा प्रोब काळ्यात, लाल पिवळ्यात. ११.४ व्होल्टच्या खाली असेल तर एसएमपीएस बदला. दोन प्रोब एकमेकांना टेकवू नका.

चिपळूणचा_आगाऊ:
११.१ 😐

मुका_माऊस:
म्हणजे बोर्ड गेला नव्हता आणि खोडरबरानेही काही झालं नव्हतं?

चिपळूणचा_आगाऊ:
पहिल्या दिवशी दातांवर काळपट थर होता, डोळ्यांनी बघितलाय, तेव्हा खोडरबराला पूर्ण बाद करणार नाही. पण नवा एसएमपीएस आणतोय. बसवणार मात्र मीच.

स्क्रूड्रायव्हर_नं_२:
बसवा. प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर विसरू नका, निम्मे लोक तिथेच अडकून मला फोन करतात.