चिंगीच्या ताटात डाळ किती असावी?

वाटसरू
आमची चिंगी दोन वर्षांची गावठी कुत्री, वजन 16 किलो. घर शाकाहारी, त्यामुळे दोन्ही वेळा मुगाचं वरण-भात आणि चमचाभर दही. अधूनमधून मोड आलेली मटकी. खाते आवडीनं, पण मटकीच्या दिवशी पोट गुडगुडतं. परवा एका नातेवाइकांनी सांगितलं की डाळींनी कुत्र्याचं हृदय बिघडतं. तेव्हापासून तिच्यापुढे ताट ठेवताना धस्स होतं. डाळ बंद करू का? घरात बोकाही आहे, तोही तेच चाटतो.

रानजाई
बंद नका करू, कमी करा. हृदयाची गोष्ट अशी: जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं (एफडीए) ‘ग्रेन-फ्री’ तयार खाद्य आणि डीसीएम, म्हणजे हृदयाचे स्नायू पातळ-कमकुवत होण्याचा आजार, यांचा संबंध तपासायला घेतला. त्या खाद्यांत धान्याऐवजी वाटाणा, मसूर भरपूर होते. डाळींमुळेच आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही.

मला चिंगीची काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं. डाळीत मेथिओनिन, म्हणजे प्रथिनांमधला एक गरजेचा घटक, कमी असतं. भात ती उणीव थोडी भरून काढतो, पण कॅल्शियम आणि बी12 कुठून येणार? वरण-भातावर माणूस दूध-ताक-भाजी घेतो, तिला तेवढंच. म्हणून मुख्य जेवण ‘संपूर्ण आहार’ लिहिलेलं खाद्य असू द्या (शाकाहारीही मिळतं) आणि डाळ दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत ठेवा. तिला साधारण 900 कॅलरी लागत असतील, म्हणजे घट्ट शिजलेली डाळ अर्धी वाटी. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

डाळ फोडणीआधी काढून ठेवा. कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, चव म्हणूनसुद्धा नको. मीठ-तिखटही नको. मटकी रात्रभर भिजवून ते पाणी फेका आणि कुकरला अगदी मऊ शिजवा, पोटातला गॅस बराच कमी होईल. राजमा अर्धवट शिजलेला कधीच नाही, तो विषारी असतो.

मनीमाऊ
बोक्याला मात्र हा हिशोब लागू नाही! मांजराला टॉरिन (डोळे आणि हृदयाला लागणारं एक अमिनो आम्ल) शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते प्राणिज अन्नातूनच यावं लागतं किंवा खाद्यात वेगळं घातलेलं असावं लागतं. कमतरतेनं दृष्टी जाते, हृदयही खचतं. हे 1987 पासून पक्कं माहीत आहे. त्याला मांजरांचंच खाद्य द्या, आजपासून.

सोनचाफा
कुणाकडे डालमेशियन जातीचा कुत्रा असेल तर डाळ डॉक्टरांना विचारूनच. त्यांच्यात युरेटचे (यूरिक आम्लाच्या क्षाराचे) मूतखडे होतात आणि ज्यापासून ते आम्ल बनतं ते प्युरिन कडधान्यांत बरंच असतं.

वाटसरू
रानजाईताई, मनीमाऊ, खूप आभार. बोक्याचं खाद्य संध्याकाळीच आणलं. चिंगीसाठी उकडलेलं अंडं चालेल का? सासूबाईंनी स्वतःहून गॅलरीत वेगळी शेगडी आणि पातेलं ठेवायला सांगितलंय.

रानजाई
चालेल. सुरुवातीला अर्धंच, पूर्ण उकडलेलं. आणि तेवढी डाळ त्या दिवशी कमी. एकदा डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, इतके महिने वरण-भातावर होती म्हणून.