हवाईबाहेर अस्सल प्लेट लंच: कुठे शोधावं, घरी काय जमेल?

खादाडखाऊ:
मुक्काम न्यू जर्सी. हवाईच्या ओआहू बेटावर मिळतं तसं प्लेट लंच हवंय: दोन स्कूप भात, मॅकरोनी सॅलड, कालुआ पोर्क (धुराच्या वासाचं, मऊ शिजवून तंतू सोडवलेलं डुकराचं मांस) नाहीतर चिकन कात्सू (ब्रेडचा चुरा लावून तळलेलं चिकन). इथे 'हवाईयन' म्हणून अननसाची चकती ठेवलेलं गोड चिकन माथी मारतात. अस्सल जागा ओळखायची कशी? नाहीच सापडली तर घरी काय जमेल? लाउलाउला (पानांत गुंडाळून वाफवलेलं पोर्क) आपलं अळू चालेल का?

निळाखार:
पश्चिमेकडे जाणं झालं तर लॉस एंजेलिसजवळचं गार्डिना आणि टॉरन्स पालथं घाला, नाहीतर लास वेगस. तिथे हवाईची इतकी माणसं स्थायिक झालीत की त्याला 'नववं बेट' म्हणतात. होनोलुलूच्या झिपीज या रेस्टॉरंट साखळीनेही २०२३ मध्ये तिथेच शाखा काढली.

जागा पारखताना आधी सॅलड बघा. मॅकरोनी फुगलेली, मऊ आणि ड्रेसिंग पातळसर हवं. त्यात मका, सिमला मिरची दिसली की परत फिरा. भात मध्यम दाण्याचा, स्कूपचा आकार धरणारा हवा. बासमती आला तर स्वयंपाकघरात हवाईचं कोणी नाही असं मी समजतो. मेन्यूत लोमी सामन (खारवलेला सामन मासा, टोमॅटो, कांदा यांचं सॅलड), सायमिन (नूडल्सचं सूप) असेल तर आशा धरा.

मीठभाकर:
सॅलड घरी उत्तम होतं. ४५० ग्रॅम एल्बो मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा ५-६ मिनिटं जास्त शिजवा. निथळून गरम असतानाच ३ टेबलस्पून सायडर व्हिनेगर घाला. दीड कप मेयोनेज, पाऊण कप दूध, १ टेबलस्पून साखर, मीठ, मिरपूड एकत्र करून ड्रेसिंग बनवा; त्यातलं निम्मं, मॅकरोनी कोमट असताना घाला, उरलेलं किसलेल्या गाजराबरोबर गार झाल्यावर. मॅकरोनी कमी शिजली तर ड्रेसिंग मुरत नाही, सगळं तळाशी उतरतं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यावर घट्ट होईल, तेव्हा थोडं दूध घालून सैल करा. हवाईत वापरतात ते बेस्ट फूड्सचं मेयोनेज तुमच्याकडे हेलमन्स नावाने मिळतं.

कालुआसाठी २ किलो पोर्क शोल्डर चरबीसकट घ्या. २ टेबलस्पून जाडं मीठ, १ टेबलस्पून लिक्विड स्मोक (धुराच्या स्वादाचा बाटलीतला अर्क) चोळा, केळीच्या पानात गुंडाळा, वर फॉइल घट्ट लावा. १६० अंश सेल्सियसला ५ तास. तंतू सोडवून सुटलेला रस त्यातच परत घाला, नाहीतर मांस कोरडं लागतं. लसूण, बार्बेक्यू सॉस अजिबात नको. लिक्विड स्मोक वाढवलं तर कडवट होतं.

देठी:
अळू चालेल, तीच वनस्पती आहे. भारतीय दुकानात 'पात्रा' म्हणून ताजी पानं मिळतात. देठ आणि जाड शिरा काढून ४-५ पानं एकावर एक ठेवा, मध्ये पोर्कचे तुकडे, थोडी खारवलेली मासळी. बाहेरून 'टी' (ti; चहा नव्हे) नावाच्या वनस्पतीच्या पानाऐवजी केळीचं पान.

वडीच्या हिशोबाने वाफवू नका. वडीत चिंच असते, लाउलाउत नसते; घशाची खाज जाते ती नुसत्या शिजण्याने. सलग ४ तास वाफ हवी, दर पाऊण तासाने तळाचं पाणी बघा. पान पालकाच्या भाजीसारखं विरघळलं तरच उतरवा. रेषा हाताला लागत असतील तर अजून तासभर.

खादाडखाऊ:
धन्यवाद मंडळी! तांदूळ कुठला आणू?

निळाखार:
कॅलरोझ हा मध्यम दाण्याचा तांदूळ, तुमच्या न्यू जर्सीतल्या एजवॉटरच्या जपानी सुपरमार्केटात बघा. पाणी नितळ होईपर्यंत धुवा, १ कपाला सव्वा कप पाणी, शिजल्यावर १० मिनिटं झाकण उघडू नका. स्कूप दर वेळी पाण्यात बुडवून काढा, भात चिकटत नाही.