मदत हवी आहे: क्रिकट कटिंग मशीनवर कापलेली मेपलची कागदी पानं देठाशी फाटतात, आणि भिंतीवर लावायची कशी?

पानगळ_जर्सी

नमस्कार. सोफ्यामागच्या भिंतीवर फॉलची सजावट करायची आहे. साधारण ५ फूट लांबीची वळणदार फांदी आणि तिच्यावर मेपल, ओक, गिंकोची कागदी पानं. दसऱ्याला लावली की थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकावी अशी इच्छा आहे.

मशीन क्रिकट एक्सप्लोअर ३, फाइन पॉइंट पातं, हिरवी स्टँडर्डग्रिप मॅट (नवी कोरी), १२ बाय १२ इंची ६५ पौंडी कार्डस्टॉक (जाड कागद). पान फोटोवरून ट्रेस करून एसव्हीजी (रेषांची फाइल) केलं आहे. सेटिंग ‘मीडियम कार्डस्टॉक’.

अडचणी अशा:
१. देठ तुटतो, टोकांचे कोपरे फाटतात.
२. पानं अगदी सपाट दिसतात, उठाव हवा आहे.
३. घर भाड्याचं, भिंत ड्रायवॉलची (जिप्समच्या फळ्यांची). रंग निघता कामा नये.
४. कागद किती आणू?

कातरकाम

आधी एक सांगा: फाटतं ते मशीन कापत असताना, की मॅटवरून काढताना? दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आणि देठाची रुंदी किती ठेवली आहे?

पानगळ_जर्सी

टोकं कापतानाच फाटतात, बारीक तंतू वर आलेले दिसतात. देठ मात्र काढताना तुटतो. देठाची रुंदी सुमारे १ मिमी.

कातरकाम

मग दोन्ही वेगवेगळे सोडवू.

टोकं फाटण्याचं मूळ बहुधा तुमच्या ट्रेसमध्ये आहे. फोटोवरून ट्रेस केलं की कडेवर शेकडो बिंदू पडतात. पातं सलग न जाता दर अर्ध्या मिलिमीटरला दिशा बदलतं आणि कागद कापण्याऐवजी ओढतं. फाइल इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, पान निवडून कंट्रोल एल दाबा, जादा बिंदू कमी होतात. एकदा-दोनदा पुरे, जास्त केलं तर पानाचं रूपच जातं. बिंदू मुख्यतः टोकांवर आणि खाचांच्या तळाशी उरले पाहिजेत.

दुसरं, ‘मीडियम कार्डस्टॉक’ हे ८० पौंडी, म्हणजे २१६ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) कागदासाठी आहे. तुमचा ६५ पौंडी म्हणजे १७६ जीएसएम. दाब जास्त पडून पातं मॅटमध्ये रुततं आणि वळणावर कागदाला ओढून नेतं. सगळ्या मटेरियलच्या यादीतून ६५ पौंडी लाइट कार्डस्टॉक निवडा. तरी टोकं फाटली तर ‘इन्ट्रिकेट कट्स’वालं (नाजूक आकारांसाठीचं) कार्डस्टॉक सेटिंग वापरून बघा. आधी कोपऱ्यात २ इंचाचं एक पान कापा. मॅट बाहेर काढण्यापूर्वी नखाने कड उचलून पाहा. सुटलं नसेल तर पुन्हा गो दाबा, पातं त्याच रेषेवरून फिरेल. एकदा मॅट बाहेर आली की ती जागा परत जुळत नाही.

पात्याला कागदाचे कण चिकटले असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा करून, पात्याच्या घराचा दट्ट्या दाबून, पातं त्यात बऱ्याच वेळा टोचा. तरीही तंतू येत राहिले तर पातं बदला.

देठाचं कारण अगदी सरळ आहे: १ मिमी देठ नव्या हिरव्या मॅटवरून सुटणारच नाही. देठ ३ मिमी करा आणि पानाला जोडतो तिथे थोडा रुंदावू द्या. क्रिकटच्या डिझाइन स्पेस ॲपमध्ये उभट गोलाकार आकार देठावर ठेवून ‘वेल्ड’ केलं, म्हणजे दोन्ही एकजीव केले, की काम होतं. हलक्या कार्डस्टॉकला निळी लाइटग्रिप मॅट योग्य. ती नसेल तर हिरवीवर स्वच्छ सुती टी-शर्ट दोन-चार वेळा दाबा, चिकटपणा उतरतो. काढताना कागद उचलू नका. मॅट उलटी करा, कागद टेबलाकडे, आणि मॅट वाकवत मागे सोलत न्या. कागद सपाट राहतो, देठावर ताण येत नाही.

शिरा_आणि_देठ

वरच्या सगळ्याला अनुमोदन. भर घालते: पान कोणत्या मेपलचं आहे तेही बघा. रेड मेपलची कड दातेरी, प्रत्येक दात म्हणजे पात्याला एक वळण. शुगर मेपलची कड गुळगुळीत आणि खाचा यू आकाराच्या, त्यामुळे ते पान फारच स्वच्छ कापलं जातं. ओकमध्येही व्हाइट ओक घ्या, त्याच्या पाळ्या गोल. रेड ओकच्या पाळ्यांना केसासारखी टोकं असतात. गिंको सगळ्यात सोपं.

उठावासाठी शिरा कापून काढू नका, रेघ उमटवा. एक्सप्लोअरच्या ए क्लॅम्पमध्ये स्कोअरिंग स्टायलस (रेघ दाबून उमटवणारी बोथट कांडी), बीमध्ये पातं. पानावर मधली शीर आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन शिरा रेषेने काढा, त्या ‘स्कोअर’ करा, कडेपासून ४ मिमी आधी थांबवा. मग पान आणि रेषा एकत्र निवडून ‘अटॅच’. हे विसरलं तर रेषा मॅटवर भलतीकडेच जाऊन पडतात.

मोडताना रेघेची बाजू वर ठेवा आणि पानाच्या दोन्ही कडा खाली दाबा, शीर कण्यासारखी उभी राहते. बाजूच्या शिरा हलक्याच चिमटा. टोकं पेन्सिलीवर गुंडाळून किंचित खाली वळवा. तपकिरी शाईच्या पॅडवर स्पंजचा तुकडा टेकवून कडांवर फिरवायचा असेल तर घडी घालण्याआधी.

पानगळ_जर्सी

घडीवर पांढरी रेघ दिसते, ती कशी घालवू?

शिरा_आणि_देठ

तुमचा कागद आतून पांढरा आहे, रंग फक्त वरच्या थरात. ‘सॉलिड कोअर’ लिहिलेला आणा, तो आरपार एकाच रंगाचा असतो. आणलेला वाया घालवायचा नसेल तर घडीवर त्याच शाईचा स्पंज फिरवा. किंवा ही पानं सपाट ठेवून सगळ्यात मागच्या थरात लावा.

ठाणेकर_बोस्टन

कागदाचा हिशेब. १२ इंची मॅटवर कापायची जागा ११.५ इंच. म्हणून एका कागदात ५ इंची पानं ४, साडेतीन इंची ९, अडीच इंची १६. मोठी १२, मधली २७, लहान ३२ धरली तर ३ + ३ + २ = ८ कागद. २ जादा घ्या. फांदीसाठी तपकिरी ४ वेगळे. ५ फुटांसाठी एवढी पानं भरगच्च दिसतात. विरळ हवं असेल तर लहान पानं निम्मी करा, मोठी नको.

दसऱ्याचं म्हणताय तर आपट्याची पानं अवश्य घाला. आकार फार सोपा: दोन गोल पाळ्या, मधे खाच, शिरा देठाकडून पंख्यासारख्या वर जाणाऱ्या. मधल्या शिरेवर एक रेघ उमटवून मोडलं की झालं. सोनेरी मिरर कागद घेऊ नका, घडीवर त्याचा थर तडकतो. मोतिया झाकेचा सोनेरी कागद बरा.

कातरकाम

भिंतीसाठी: प्रत्येक पान भिंतीला चिकटवू नका. ७० पानं म्हणजे रंग निघण्याच्या ७० जागा. पानं फांदीला लावा आणि फक्त फांदी भिंतीला.

फांदीचे ११ इंची तुकडे प्रत्येकी दोन कापा आणि एकावर एक चिकटवा, ६५ पौंडी कागदही ताठ होतो. पाण्याचा गोंद असेल तर अगदी पातळ थर आणि रात्रभर पुस्तकांखाली दाब, नाहीतर कागद वाकतो. टेप रनर (कोरडी चिकटपट्टी लावायचं हातातलं साधन) त्याहून सोपा. तुकडे २ सेंमी एकमेकांवर चढवून जोडा. पानांना मध्यभागीच फोमचा दोन्हीकडून चिकट चौकोन लावा, कडा मोकळ्या राहू द्या. मागची पानं फोमशिवाय, मधली एका फोमवर, पुढची दोनांवर.

भिंतीला कमांड ब्रँडच्या, ओढून काढता येणाऱ्या पोस्टर पट्ट्या, ७-८ पुरतात. भिंत रबिंग अल्कोहोलने पुसा, घरातल्या क्लीनरने नको. नवा रंग दिला असेल तर किमान आठवडा थांबा, आणि वॉलपेपरवर या पट्ट्या लावू नका. पट्टी थेट कागदाला चिकटवली तर काढताना कागदाचा थर सोलून येतो, म्हणून फांदीच्या पाठीवर आधी पॅकिंग टेपचा तुकडा लावा आणि पट्टी त्यावर. उतरवताना फांदी हलकेच सोडवा, मग पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढा. स्वतःकडे ओढलंत तर रंग येतो.

हीटरचं व्हेंट त्या भिंतीखाली असेल तर फांदी बाजूला सरकवा. गरम कोरड्या हवेने कागद आखडतो आणि पानांच्या कडा हव्या त्याहून जास्त वळतात.