क्रेब या प्रथिनाच्या सेरीन-१३३ ला (१३३ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला) फॉस्फेट लागला म्हणजे जनुक सुरू झालं का?

यकृतपेशी
ग्लुकागॉन या संप्रेरकामुळे यकृतातली ग्लुकोज बनवणारी जनुकं कशी सुरू होतात? ठरलेलं उत्तर असं: सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पीकेए हे काइनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) केंद्रकात शिरतं, जनुकं सुरू करणाऱ्या क्रेबच्या सेरीन-१३३ वर फॉस्फेट लावतं, झालं ट्रान्सक्रिप्शन (जनुकावरून आरएनए बनणं). माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे. खरी कळ सिक या काइनेजमध्ये आहे. एरवी सिक क्रेबच्या जोडीदार प्रथिनावर, सीआरटीसी-२ वर फॉस्फेट लावतं. त्यामुळे १४-३-३ प्रथिनं त्याला केंद्रकाबाहेर अडकवून ठेवतात. पीकेए सिकवरच फॉस्फेट लावून त्याला थंड करतं. मग सीआरटीसी-२ वरचा फॉस्फेट उतरतो आणि ते आत जाऊन क्रेबला धरतं.

किक्स
सिकचं मान्य, पण १३३ ला दुय्यम ठरवू नका. त्या जागी अ‍ॅलानिन घातलं (त्याला फॉस्फेट लागत नाही) की सीएएमपीला मिळणारा प्रतिसाद कोसळतो, हे १९८९ पासून माहीत आहे. जनुक सुरू करायला मदत करणाऱ्या सीबीपी या प्रथिनाचा किक्स भाग फॉस्फेटवाल्या क्रेबलाच घट्ट धरतो. सीआरटीसी-२ बसतं क्रेबच्या बीझिप (डीएनए धरणाऱ्या) भागावर, म्हणजे एकाचं काम दुसरा करत नाही.

यकृतपेशी
मग फोर्बॉल एस्टरचं (पीकेसी या दुसऱ्या काइनेजला जागं करणाऱ्या रसायनाचं) काय? तेव्हाही ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) १३३ ला फॉस्फेट असलेल्या क्रेबचा बँड ठळक येतो, जनुकं मात्र सीएएमपीइतकी उठत नाहीत. फॉस्फेट गरजेचा असेल, पुरेसा नाही.

ब्लॉटकट्टा
वाद बँडवर चाललाय, तर आधी बँड तपासा. बऱ्याच फॉस्फो-क्रेब अँटिबॉडी क्रेबच्या भावंड-प्रथिनाला, एटीएफ-१ लाही पकडतात: ४३ केडीएजवळ (किलोडाल्टन, प्रथिनाचं वजन) क्रेब, ३८ च्या आसपास एटीएफ-१. सीएएमपी वाढवणारं फोर्सकोलिन १० मायक्रोमोलर दिलं की साधारण १५ ते ३० मिनिटांत फॉस्फेट शिखरावर असतो, मग पीपी-१ आणि पीपी-२ए ही फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइम) तो उतरवतात. चार तासांनी पेशी फोडून ‘फॉस्फोरिलेशन होत नाही’ म्हणणं चूकच. पेशी फोडायच्या बफरमध्ये नुसतं ऑर्थोव्हॅनेडेट घालून भागत नाही, ते मुख्यतः टायरोसीन फॉस्फटेज रोखतं. सेरीनसाठी सोडियम फ्लुओराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवंच, आणि सगळं बर्फावर. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून) दुधाऐवजी ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. पीकेए रोखायला वापरतात त्या एच-८९ वर तर विसंबूच नका, ते एमएसके-१ या दुसऱ्या काइनेजलाही रोखतं आणि एमएसके-१ सुद्धा १३३ वरच फॉस्फेट लावतं.

किक्स
एच-८९ बद्दल शंभर टक्के सहमत. पण फोर्बॉल एस्टरचा दाखला माझ्या विरोधात जात नाही: तिथे १३३ वर फॉस्फेट असूनही सीबीपी नीट जोडलं जात नाही, म्हणून जनुक उठत नाही. निवाडा करायचा तर अ‍ॅलानिनवालं क्रेब आणि सीआरटीसी-२ चा नॉकडाउन (त्याचं प्रमाण घटवणं) एकाच प्रयोगात, त्याच वेळांना लावा. इन्ट्रॉनवरचे (आरएनएतून नंतर कापला जाणारा भाग) प्रायमर वापरून न कापलेला आरएनए मोजा. पक्का एमआरएनए साठून राहतो आणि वेळेचा अंदाज बिघडवतो.

यकृतपेशी
त्याच नमुन्यांवर सीआरटीसी-२ चा ब्लॉटही चालवा. फॉस्फेट उतरलेलं प्रथिन जेलमध्ये खाली धावतं. ते खाली सरकलं नसेल आणि तरी जनुक उठलं, तर तुमचं म्हणणं मान्य करेन.