मदत हवी आहे : नर्मदा परिक्रमेला निघतोय, मैयावर सोडावं ते किती?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय 58, गेल्या वर्षी निवृत्त झालो. दिवाळीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायची ठरवलंय. देवीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या, नातीनं 'जा' उचलली. (बायको म्हणते, दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जा'च लिहिलं असेल. नाही हो, तसं नव्हतं.)

रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारतो, तीनदा जोतिबा पायी चढून आलो. नदी सदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, नदी समुद्राला मिळते तिथं विमलेश्वराहून नावेनं पलीकडच्या मिठी तलाईला उतरायचं, हे नियम माहीत आहेत.

अडचण वेगळीच आहे. जाऊन आलेले सांगतात, सदाव्रत (फुकट शिधा) मिळतं, आश्रमात जागा मिळते, काही ठरवू नका, मैया बघते. आणि माझ्या पिशवीत रक्तदाबाच्या चार महिन्यांच्या गोळ्या, मुलानं घेतलेली पॉवर बँक आणि मुक्कामांची यादी. एवढी तयारी म्हणजे अविश्वासच का? गोळ्या मात्र सोडणार नाही, आधीच सांगतो.

पायी करून आलेल्यांनी सांगावं: पैसे किती जवळ ठेवले? वाटेतल्या जंगलातून, शूलपाणीच्या झाडीतून गेलात की बाहेरच्या वाटेनं? आणि गुडघा सुजून परत फिरावंसं वाटलं, तर तो मैयाचा इशारा की आपलीच कच खाणं, हे तुम्ही कसं ओळखलंत?