चिखलदऱ्याच्या घाटाला ५३/३९ की ५०/३४?

परतवाडाकर: जुनी रोड बाईक घेतली. पुढच्या दोन चेनरिंगना (पायडलजवळच्या दातेरी चकत्यांना) ५३ अन् ३९ दात, मागच्या चक्र्यांना ११ ते २८. रविवारी धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला निघालो. घाट लागला अन् ३९-२८ वर (पुढे ३९, मागे २८ दात) पायडल मिनिटाला पन्नासही फिरेना. उभं राहून दाबता दाबता उजव्या गुडघ्याची वाटी ठणकायला लागली, शेवटी सागाच्या सावलीत बसलो. वावरातली कामं सांभाळून सायकल चालवणाऱ्यानं कॉम्पॅक्टच, म्हणजे ५०/३४ घ्यावी, हे माझं ठाम मत.

दर्यापूरवाला: पटलं नाही बा. घाट महिन्यातून एकदा, बाकीचे दिवस कुठं चालवता? आमच्या खारपाणपट्ट्यात चढ औषधालाही सापडत नाही. पण आषाढात अकोटकडे निघालं की वारा सरळ छातीवर. वेग २७-२८ वर अडकतो. तिथं ३९-१६ वर चेन सरळ धावते, पाय एका लयीत राहतात. कॉम्पॅक्टवर याच वेगाला ५०-२१ नाही तर ३४-१४. दोन्हीकडे चेन तिरपी. पुढची चेनरिंग बदलली की १६ दातांची उडी, लगेच मागचे दोन-तीन गिअर सावरा. दोन वर्षं हेच केलं, मग क्रँक (पायडलचे दांडे अन् चेनरिंगचा संच) बदलून ५३/३९ घेतला. शिवाय सपाटीवर वेगाला ५३ लागतेच.

परतवाडाकर: १६ दातांच्या उडीचं मान्य. वेगाचं नाही. ५०-११ म्हणजे ५० भागिले ११, ४.५५ (पायडलच्या एका फेरीत मागचं चाक इतक्यांदा फिरतं), ५३-१२ म्हणजे ४.४२. पायडल मिनिटाला ९० फिरवलं तर ५०-११ वर ताशी ५१ किलोमीटर होतात. एवढ्या वेगानं आपल्यातला कोण, किती वेळ चालवतो? खाली मात्र ३९-२८ आणि ३४-२८ मध्ये १.३९ आणि १.२१ चा फरक आहे. तो गुडघ्याला कळतो.

सायकल दुरुस्तीवाला, यवतमाळ: भाऊ, क्रँकचा खर्च करण्याआधी मागं बघा. ३९ ला ३२ दातांची मागची चक्री लावली तर १.२२. म्हणजे ३४-२८ च झालं! मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर ३२ झेपणार नाही, तो बदलावा लागेल, चेनही लांब लागेल. अन् जुन्या पाच बोल्टच्या १३० मिलिमीटर क्रँकवर (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३०) ३८ च्या खाली चेनरिंग बसतच नाही, म्हणून नुसती ३४ आणून उपयोग नाही.

दर्यापूरवाला: हे बरोबर. ३२ लावा, ३९ काढू नका.

परतवाडाकर: आत्ताच मोजले, पाचच बोल्ट आहेत. पोळ्याच्या आधी ३२ लावून परत घाट चढतो. पण नवीन घेणाऱ्याला मी अजूनही कॉम्पॅक्टच सांगीन.